सदोष तबकडीची कसोटी

वजनकाटा खरा आहे की नाही हे पाहायचे तर त्यात धान्य घालून उपयोग नसतो. ज्याचे वजन आधीच पक्के ठाऊक आहे, असे प्रमाणित वजनच पारड्यात ठेवावे लागते. उपकरणाची परीक्षा ज्ञात वस्तूनेच होते. सीडी प्लेअरच्या बाबतीत मात्र ही ज्ञात वस्तू मुद्दाम बिघडवावी लागली. असे का, ते पाहू या.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे मानक निश्चित केले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर जपानमध्ये विक्रीस आला. १२० मिमी व्यासाच्या आणि १.२ मिमी जाडीच्या या तबकडीत माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. खळग्यांची रांग सर्पिलाकार असून तिच्या शेजारशेजारच्या वेढ्यांत केवळ १.६ मायक्रॉन अंतर असते. लेसर शलाकेखालून ही वाट सेकंदाला १.२ ते १.४ मीटर वेगाने सरकते. फिरताना तबकडी किंचित वरखाली आणि आजूबाजूला हलतेच. म्हणून परत आलेल्या प्रकाशावरून अंदाज घेत भिंगाला सतत हलवत ठेवावे लागते, म्हणजे शलाका नेमकी खळग्यांवर एकवटून वाटेवरच राहते.

ओरखडे आणि धूळ यांवर उपाय होता गणिताचा. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या संकेतपद्धतीचा येथे उपयोग झाला. माहिती विखरून लिहिल्यामुळे सलग सुमारे २.५ मिमी वाट वाचता आली नाही तरी गेलेले आकडे जसेच्या तसे परत मिळवता येतात.

दुरुस्ती करणाऱ्याची अडचण नेमकी याच गुणातून निर्माण झाली. सोपी प्रश्नपत्रिका काढली की सगळा वर्ग उत्तीर्ण होतो आणि कोणाला किती येते ते कळत नाही. तसेच येथे झाले. नव्या कोऱ्या तबकडीवर नीट न जुळवलेला प्लेअरही उत्तम गातो, कारण त्याच्या चुका गणित झाकून घेते.

म्हणून कंपन्यांनी दुरुस्ती केंद्रांसाठी खास चाचणी तबकड्या काढल्या. सोनीच्या दुरुस्ती पुस्तिकांत ‘वायईडीएस-१८’ या तबकडीचे नाव वारंवार येते. फिलिप्सच्या संचात दोन तबकड्या असत : ‘५’ ही निर्दोष आणि ‘५ए’ ही सदोष. निर्दोष तबकडी लावून ऑसिलोस्कोपवर संकेताची आकृती पाहत प्लेअरमधील प्रीसेट जुळवायचे आणि नंतर सदोष तबकडीवर परीक्षा घ्यायची, असा क्रम होता.

फिलिप्सच्या सदोष तबकडीवर तीन प्रकारचे दोष होते. माहितीच्या थरात पाचरीसारखी रुंदावत जाणारी, ०.४ ते ०.९ मिमीची फट. वाचनाच्या बाजूवर ०.३ ते ०.८ मिमीचे काळे ठिपके. आणि बोटाच्या ठशाची नक्कल. हे आकडे अर्थपूर्ण आहेत. लेसर शलाका तबकडीच्या पृष्ठभागावर सुमारे ०.७ मिमी रुंद असते आणि आत खळग्यांपाशी दीड-दोन मायक्रॉनपर्यंत निमुळती होते. त्यामुळे ०.३ मिमीचा ठिपका शलाकेचा जेमतेम पाचवा हिस्सा अडवतो, तर ०.८ मिमीचा ठिपका तिला क्षणभर पूर्ण झाकतो. ०.९ मिमीची फट ओलांडायला पाऊण मिलिसेकंद लागतो. तेवढे आकडे गणित सहज भरून काढते. पण त्या वेळात भिंगाला दिशा दाखवणारा प्रकाशच नसतो. ते वाटेवर टिकते की शेजारच्या वेढ्यात घसरते, हीच खरी परीक्षा.

पुढे स्वतःची जुळणी स्वतः करणारे प्लेअर आले, प्रीसेट नाहीसे झाले आणि या तबकड्यांची गरज ओसरली. जुने प्लेअर जपणारे लोक आज त्या शोधत असतात, पण त्या सहजासहजी मिळत नाहीत. मग नक्कल का करू नये? कारण संगणकाने नक्कल केली तर उतरतात ते फक्त आकडे, आणि तेही दुरुस्त होऊन. फट आणि ठिपके मूळ तबकडीतच राहतात. शिवाय घरी लिहिलेल्या सीडीतून प्रकाश कारखान्यातल्या सीडीइतका परावर्तित होत नाही. म्हणजे प्लेअर जुळवण्यासाठीही ती प्रमाण मानता येत नाही. अशा वेळी नुसत्या कानावर विसंबून प्रीसेट फिरवला, तर धडधाकट प्लेअरही बिघडू शकतो.

किलोग्रॅमचे प्रमाण १८८९ पासून पॅरिसजवळ ठेवलेला धातूचा एक ठोकळा होता. २० मे २०१९ पासून ते प्लांकच्या स्थिरांकाच्या ठरावीक मूल्यावर आधारले गेले. आता तो ठोकळा हरवला तरी किलोग्रॅम हरवणार नाही. चाचणी तबकडीचे प्रमाण मात्र अजूनही वस्तूतच आहे. वस्तू गेली की प्रमाणही गेले.

शाळेत जुना प्लेअर आणि नको असलेली सीडी असेल तर एक प्रयोग करता येईल. सीडीच्या चकचकीत बाजूवर मार्करने मध्यापासून कडेकडे, त्रिज्येच्या दिशेने एक रेघ ओढावी. ती हळूहळू रुंद करत आवाज केव्हा अडखळतो ते नोंदवावे. प्लेअर उघडू नये, आत लेसर असतो. दोन प्लेअरची तुलना या सीडीने नक्की होईल. पण दुसऱ्या शाळेच्या निष्कर्षांशी आपले निष्कर्ष ताडता येतील का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. प्रमाण कशाला म्हणतात, याची चर्चा तेथूनच सुरू होते.