रक्तमूळपेशींपासून प्रतिकारपेशींची निर्मिती

अस्थिमज्जेतील किंवा नाळेच्या रक्तातील मूळपेशी वेगळ्या काढून, त्या शरीराबाहेर पोषक द्रवात वाढवून, त्यांच्यापासून रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घडवण्याचे आणि त्या प्रामुख्याने कर्करोगाच्या उपचारासाठी वापरण्याचे हे तंत्र आहे. महाराष्ट्रात याचे प्रयोगशाळेतील काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये झाले. पेशींनाच औषध मानणारी उपचारपद्धती मात्र मुंबई आणि नवी मुंबईत, थोड्या वेगळ्या वाटेने, रुग्णांपर्यंत पोहोचली.

तांबड्या पेशी, बिंबिका आणि सर्व प्रकारच्या पांढऱ्या पेशी एकाच जातीच्या पेशीपासून उत्पन्न होतात. तिला रक्तमूळपेशी म्हणतात. घरात दही लावताना उद्याच्या विरजणासाठी चमचाभर दही बाजूला राखतात, तसे ही पेशी विभागताना काही संतती स्वतःसारखीच राखते आणि बाकीची कामाला लावते; म्हणूनच माणसाचे रक्त आयुष्यभर आटत नाही. अशा पेशी असतात याचा प्रायोगिक पुरावा कॅनडातील टिल आणि मॅककुलॉक यांनी १९६१ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिला. त्या ओळखून वेचण्याची सोय १९८४ मध्ये झाली, जेव्हा अमेरिकेतील कर्ट सिव्हिन यांनी त्यांच्या पृष्ठभागावरील, पुढे सीडी३४ या नावाने रूढ झालेली खूण शोधली. भारतात रक्तमूळपेशींचा उपचारातील वापर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये, सुरेश अडवाणी यांच्या पुढाकाराने झालेल्या देशातील पहिल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणापासून सुरू झाला.

मूळपेशी मिळण्याच्या तीन जागांपैकी, म्हणजे अस्थिमज्जा, औषध देऊन मूळपेशी उतरवलेले वाहते रक्त आणि नाळेचे रक्त यांपैकी, प्रयोगशाळेला तिसरी सर्वांत सोयीची वाटते, कारण एरवी वारेबरोबर टाकून दिले जाणारे हे रक्त कोणालाही इजा न करता मिळते. त्याच्या साहाय्याने पहिले प्रत्यारोपण १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी केले. बाळंतपणानंतर नाळ कापली की तिच्यातील शिरेत सुई घालून रक्त गोठणरोधक असलेल्या पिशवीत उतरवतात. ते जेमतेम पेलाभर भरते. प्रयोगशाळेत ते पातळ करून नळीतील दाट द्रवावर हलक्या हाताने थर चढेल असे ओततात आणि नळी वेगाने फिरवतात. नळी बाहेर काढली की तळाशी तांबड्या पेशींचा गाळ, वर पिवळसर रक्तद्रव आणि दोहोंच्या मध्ये धुक्यासारखे एक पांढुरके कडे दिसते. हवी असलेली पेशी त्या कड्यात असते, पण तीही साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. म्हणून सीडी३४ला चिकटणारी प्रतिपिंडे लावलेले चुंबकीय कण मिसळून ती चुंबकाच्या ओढीने वेगळी करतात.

येथपर्यंतचे काम चिकाटीचे असले तरी अवघड नव्हे. खरी अडचण संख्येची आहे. पिशवीभर रक्तातून हाती येणाऱ्या मूळपेशी अनेकदा एका प्रौढ रुग्णाच्या मात्रेलाही अपुऱ्या पडतात, आणि त्या वाढवायला घेतल्या तर विभागता विभागता आपले मूळपण गमावतात. एनसीसीएसमधील वैजयंती काळे आणि ललिता लिमये यांच्या गटाच्या कामाचे महत्त्व या ठिकाणी आहे. नाळेच्या रक्तातील सीडी३४ पेशींपासून डेंड्रिटिक पेशी मोठ्या संख्येने मिळवण्याची दोन टप्प्यांची पद्धत या गटाने २००९ मध्ये प्रसिद्ध केली : आधी वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने पेशींची फक्त संख्या वाढू द्यायची आणि ती पुरेशी झाल्यावरच प्रथिने बदलून त्यांना डेंड्रिटिक पेशींच्या वळणावर न्यायचे. वाढ आणि घडण ही दोन कामे एकाच वेळी न करता एकामागून एक करणे, एवढीच ही युक्ती. दिसायला साधी, पण उत्पादनाच्या दृष्टीने मोलाची. याच गटाने गोठवलेल्या मूळपेशी वितळल्यावर अधिक संख्येने जगाव्यात म्हणून गोठवण्याच्या द्रवात कॅटलेज हे विकर आणि ट्रेहॅलोज ही शर्करा मिसळण्याचा उपाय त्याआधीच अभ्यासला होता. पेशीचे औषध साठवता आले नाही तर ते औषध म्हणून टिकत नाही, हे लक्षात घेता या कामाला दुय्यम मानणे चुकीचे ठरेल.

डेंड्रिटिक पेशी स्वतः कर्कपेशीला मारत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या अंगातून फुटलेल्या फांद्या दिसतात, त्यावरून तिला हे नाव मिळाले. या फांद्यांनी ती शत्रूचे तुकडे गोळा करते आणि टी पेशी या पांढऱ्या पेशींना दाखवून त्यांना लढायला शिकवते. तिचा शोध १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन यांनी झानविल कोन यांच्यासह प्रसिद्ध केला. स्टाइनमन यांनी स्वतःच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावर आपल्याच डेंड्रिटिक पेशींपासून केलेली लस घेतली होती, आणि २०११ मध्ये त्यांचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले त्याच्या तीन दिवस आधी त्यांचे निधन झाले होते.

टी पेशी घडवणे याहून कठीण आहे, कारण शरीरात त्यांचे शिक्षण छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत होते आणि ती ग्रंथी बशीत आणता येत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २००२ मध्ये थायमसमधील एक संकेत देणाऱ्या आधारपेशींवर मूळपेशी वाढवून हा अडसर काही प्रमाणात दूर केला. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये थायमससारखे त्रिमितीय गोळे तयार करण्यात यश आले. त्याच वर्षी नेदरलँड्समधील नायमेखेन येथील गटाने नाळेच्या मूळपेशींपासून घडवलेल्या नैसर्गिक मारक पेशी रक्ताच्या कर्करोगाच्या दहा वयस्क रुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला.

सध्या भारतात प्रत्यक्ष मिळणारा नेक्सकार१९ हा उपचार मात्र मूळपेशींपासून होत नाही. आयआयटी मुंबईतील राहुल पुरवार यांचा गट आणि टाटा मेमोरियल केंद्र यांनी तो विकसित केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. यात रुग्णाच्याच रक्तातून पक्व टी पेशी काढतात, त्यांत बी पेशी या पांढऱ्या पेशींवरील सीडी१९ ही खूण ओळखणाऱ्या ग्राहीचे जनुक घालतात आणि त्या वाढवून परत देतात. म्हणजे प्रत्येक रुग्णामागे औषधाची नवी घाणी काढावी लागते, आणि केमोथेरपीने ज्याच्या टी पेशी आधीच थकलेल्या असतात त्याच्याकडून पुरेसा कच्चा माल मिळेलच असे नाही. मूळपेशींच्या वाटेचे आकर्षण असे, की निरोगी दात्याच्या एका पिशवीतील पेशी वाढवून अनेक रुग्णांपुरता साठा करून तो द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, तयार ठेवता येईल.

हा फरक अंतरावर राहणाऱ्या रुग्णाला अधिक जाणवतो. उदाहरणार्थ, विदर्भातील बुलढाणा जिल्ह्यात पेशी-उपचाराची सोय नाही. जिल्ह्याच्या मुख्यालयाला रेल्वेही नाही, त्यामुळे रुग्णाला मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून मुंबईची गाडी धरावी लागते. पेशी काढणे, त्या घडण्याची काही आठवड्यांची वाट पाहणे आणि त्या दिल्यानंतर ताप, रक्तदाब उतरणे अशा प्रतिक्रियांसाठी देखरेखीखाली राहणे, एवढा काळ टाटा मेमोरियल केंद्राच्या आसपास, परळ किंवा खारघर परिसरात काढायचा म्हणजे सोबतच्या माणसाचा हंगामही बुडतो. तयार साठ्याने यातील मधली प्रतीक्षा टळू शकेल. देखरेख टळणार नाही. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले असून, निदान लवकर होणे आणि रुग्ण योग्य ठिकाणी वेळेवर पाठवला जाणे, एवढी तरी अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येते.

तयार साठ्यातील परक्या पेशींचे धोके मात्र वेगळे आहेत. दात्याच्या टी पेशी रुग्णाच्या अवयवांवरच उलटू शकतात, आणि रुग्णाचे शरीरही त्या पेशींना फार काळ थारा देत नाही. म्हणून अशा उलटण्याची भीती कमी असलेल्या नैसर्गिक मारक पेशींकडे संशोधकांचा ओढा अधिक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठराविक रक्तविकारांसाठीचे रक्तमूळपेशी प्रत्यारोपण वगळता मूळपेशींचे उपचार संशोधनातच मोडतात आणि चाचणीत सहभागी झालेल्या रुग्णाकडून त्यासाठी पैसे घेता येत नाहीत. बाळाच्या नाळेचे रक्त त्याच्याच भावी उपयोगासाठी खासगी पेढीत पैसे भरून ठेवण्यालाही परिषदेने शास्त्रीय आधार मानलेला नाही. अशा पेढ्यांच्या जाहिराती मात्र तालुक्याच्या प्रसूतिगृहांपर्यंत पोहोचलेल्या आहेत.