ड्रोन उड्डाण-नियंत्रण : विद्यार्थ्यांचे सिम्युलेशन (कावेरी त्रिभुज प्रदेश)

ड्रोनला हवेत तोलून धरणारे सॉफ्टवेअर आधी गणिती प्रतिमानावर उडवून पाहण्याची पद्धत. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या उमेदवारीला ती विशेष सोयीची, कारण चुकलेले गणित इथे पाती मोडत नाही. आज जगभर वापरात असलेली पीएक्स४ ही ड्रोन-नियंत्रण प्रणाली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात २००८ मध्ये सुरू झालेल्या विद्यार्थी-प्रकल्पातून निघाली. चेन्नईच्या मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा ‘दक्षा’ संघ २०१८ मध्ये क्वीन्सलँडमधील ‘मेडिकल एक्सप्रेस’ ड्रोन-स्पर्धेत दुसरा आला. अभिनेते अजित कुमार त्याचे सल्लागार होते. संघाची प्रसिद्धी त्यामुळे वाढली, ड्रोन मात्र विद्यार्थ्यांचे.

प्रतिमानात ड्रोन म्हणजे तीन दिशांना सरकणारा आणि तीन अक्षांभोवती फिरणारा घन पदार्थ. वस्तुमान, पंख्यांचा जोर आणि वारा यांवरून संगणक त्याची पुढची स्थिती काढतो व जायरोस्कोप, वायुदाबमापक, जीपीएस यांची खोटी, थोडी गढूळ मापने नियंत्रकाला पुरवतो. प्रथम हे सारे लॅपटॉपवरच चालते. नंतर नियंत्रकाचा खरा सर्किट बोर्ड जोडतात.

कावेरी त्रिभुज प्रदेशातील तंजावर परिसरात या पद्धतीला आणखी एक कारण आहे. शहरालगत हवाई दलाचा तळ असून २०२० पासून तेथे सुखोई-३० विमानांचे पथक आहे. ‘ड्रोन नियम, २०२१’ शिक्षणसंस्थांना संशोधनासाठी प्रमाणपत्र व वैमानिक परवान्यातून सूट देतात, पण हरित क्षेत्रात (पूर्वपरवानगीशिवाय उड्डाणाला मोकळ्या हवाई हद्दीत) आणि स्वतःच्या ताब्यातील जागेतच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हरित क्षेत्र २०० फुटांपर्यंतच असते. म्हणून तळाच्या आसपास खऱ्या उड्डाणापेक्षा सिम्युलेशन सोयीचे.

भातावरील फवारणीचे प्रतिमान वाटते तितके सोपे नाही. दहा लिटरची टाकी रिती होताना ड्रोन सुमारे दहा किलोंनी हलका होतो, आणि अर्ध्या टाकीतले औषध वळणावर हिंदकळते. भरल्या टाकीसाठी बसवलेले नियंत्रण रित्या ड्रोनला थरथरवते. वस्तुमान स्थिर धरणारा नवशिका इथेच फसतो. खाचरातले पाणी हा दुसरा पेच : संथ पृष्ठभागावरून लेसर उंचीमापकाकडे प्रकाश नीट परतत नाही, त्यामुळे मापनातले खंड सिम्युलेशनमध्ये मुद्दाम घालावे लागतात. नारळाची झाडे आणि पंपांच्या वीजतारा हे अडथळेही नकाशात हवेत. भाताच्या सांबा हंगामातील पिकावर ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस येतो. त्या दिवसांतले वाऱ्याचे झोत प्रतिमानात नसतील, तर त्याआधीच्या कुरुवै हंगामातील पिकावर नीट चाललेले नियंत्रण सांबा हंगामात पुन्हा जुळवावे लागते.