औद्योगिक परिषद, लोखंडी नांगर आणि देवणीचा बैल

प्रत्येक पिढीचा एक आवडता शब्द असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या सुशिक्षित वर्गात तो शब्द 'उद्यम' हा होता. आज तोच मान 'इनोव्हेशन' या शब्दास मिळाला आहे. मुंबई, पुणे, बंगळूर येथील मोठमोठ्या सभागृहांतून यंत्रविद्येचे धुरीण व्यापाऱ्यांपुढे उभे राहून नावीन्याचा महिमा सांगतात, आणि श्रोते तो भक्तिभावाने ऐकतात. या संमेलनांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु व्यासपीठावरून सांगितलेले नावीन्य आणि शेतात, बाजारात, गोठ्यात उतरलेले नावीन्य यांचा परस्परसंबंध काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास महाराष्ट्राचा गेल्या शतकाचा इतिहास पुरेसा आहे.

आपल्याकडे अशा संमेलनांचा पाया १८९० साली पुण्यास घातला गेला. त्या वर्षी वेस्टर्न इंडियाची औद्योगिक संस्था स्थापन झाली व तिच्या वतीने औद्योगिक परिषद भरली. तिचा आत्मा होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्या वेळी ते दख्खन शेतकरी कायद्याखालील विशेष न्यायाधीश होते. पुणे, सातारा, अहमदनगर, सोलापूर या जिल्ह्यांतील कर्जबाजारी कुणब्यांची दप्तरे तपासण्याचे काम त्यांच्याकडे असल्यामुळे देशाचे दारिद्र्य त्यांनी पुस्तकांइतकेच खतावण्यांतूनही वाचले होते. म्हणूनच त्यांच्या भाषणांस पोकळ आवेश शिवला नाही. परकी राज्यसत्ता डोळ्यांस दिसते, परंतु परकी भांडवल, परके कौशल्य व परका उद्यम यांची सत्ता दिसत नाही आणि म्हणूनच ती अधिक खोल रुजते, हा त्यांचा विचार त्या वर्षीच्या निबंधांतून स्पष्ट होतो. खुला व्यापार की संरक्षक जकात, या शास्त्रीय वादात शक्ती खर्च न करता ज्यावर सर्वांचे एकमत होईल अशी कामे हाती घ्यावीत, लोकांनी लहान भांडवले एकत्र करून मंडळ्या काढाव्यात, आणि सरकारने पतपुरवठ्याची सोय करावी, असा त्यांचा व्यवहारी सल्ला होता.

या परिषदेचे वैशिष्ट्य आम्हांस असे वाटते की, तेथे यशाइतकीच अपयशाचीही चर्चा होत असे. १८९२ साली रानड्यांनी लोखंडाच्या धंद्यावर निबंध वाचला. त्याचा मोठा भाग फसलेल्या प्रयत्नांचा आहे. मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो येथे हीथ नावाच्या इंग्रजाने काढलेला कारखाना का बुडाला, बंगालमध्ये बाराकर येथील भट्ट्या एकदा पेटून पुन्हा का विझल्या, याची चिकित्सा त्यांनी केली आहे. कोळशासाठी लागणारे जंगल, खाणीपासून बाजारापर्यंतचे अंतर, आरंभीच्या तोट्याची वर्षे सोसणारे भांडवल आणि निघालेला माल विकत घेणारे निश्चित गिऱ्हाईक, यांपैकी एकाची जरी उणीव पडली तरी उत्तम यंत्रही गंजत पडते, हा त्यातून निघणारा बोध. साकची येथे टाटांच्या भट्टीतून पहिले लोखंड बाहेर पडले ते १९११ च्या अखेरीस, रानड्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. याच परिषदेत १८९३ साली त्यांनी आयात-निर्यातीचे आकडे मांडून, देश निव्वळ कच्चा माल पिकविणारा मळा होत चालला आहे ही ओहोटी थांबून भरतीची चिन्हे दिसू लागली आहेत, असे सांगितले. तीन वर्षांपूर्वीच्या निराशेस नव्या आकड्यांनी मुरड घालणारा वक्ता व्यासपीठावर विरळाच आढळतो!

पुढे १९०५ साली बनारसच्या काँग्रेसबरोबर अखिल भारतीय औद्योगिक परिषद सुरू झाली; तिच्या चिटणिसीचा भार अमरावतीचे रंगनाथ नरसिंह मुधोळकर यांनी वाहिला. घरोघर एक-एक पैसा गोळा करण्याच्या अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून तळेगावचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. १९२७ साली वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, व १९३४ साली पुण्यास मराठा चेंबर या संस्था निघाल्या. सारांश, बोलण्यातून काहीच निष्पन्न झाले नाही असे म्हणणे हा अन्याय होईल. परंतु बोलणे आणि शेत यांच्यामध्ये जी दरी होती ती कशी ओलांडली गेली, हे पाहण्यासाठी एका शिक्षकाच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा ती नोकरी सोडून ते बेळगावास आले. तेथे बंधूंबरोबर त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्याच्या आधाराने त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. नांगर तयार झाला, पण तो घेईना कोणी! लोखंडाने जमिनीस विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आजचा सुशिक्षित वाचक या समजुतीस हसेल. परंतु थोडा विचार करावा. ज्याच्याजवळ एकच शेत आहे व ज्याचे वर्षाचे धान्य त्याच एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने अपरिचित अवजार आपल्या काळ्या आईच्या पोटात घालण्यास कचरावे, यात मूर्खपणापेक्षा हिशेबच अधिक आहे. प्रयोग फसल्यास कारखानदाराचे एक नांगर-लोखंड वाया जाते. कुणब्याचे वर्ष जाते. नावीन्याचा धोका कोणाच्या डोक्यावर पडतो हा प्रश्न आमच्या मते येथील खरा प्रश्न आहे, आणि व्याख्यानांतून तोच सर्वांत कमी ऐकू येतो.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांस अडाणी म्हणून सोडून दिले नाही. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली, आणि तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. नांगर हळूहळू शेतात शिरला, कारण त्याचे काम डोळ्यांस दिसू लागले. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगराचा वाकडा पत्रा मातीचा थर उचलून उलटा पाडतो, आणि काळ्या जमिनीत खोलवर मुळे गेलेली हरळी व कुंदा वर येऊन उन्हाने मरतात. ज्याने एकदा शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून हे पाहिले त्यास व्याख्यानाची गरज उरली नाही.

परंतु या यशास आणखी एक भागीदार होता, आणि त्याचे नाव कोणत्याही अहवालात येत नाही. खोल नांगरट म्हणजे जास्त ओढ. काळ्या, चिकट जमिनीत मोठा लोखंडी नांगर चालवावयाचा म्हणजे एक जोडी पुरत नाही. तीन-तीन, चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. कारखान्यातून निघालेले नवे अवजार गोठ्यातल्या जुन्या जनावराच्या खांद्यावर उभे होते. येथेच आम्हांस देवणीची आठवण होते.

देवणी हे बालाघाटच्या पठारी मुलुखातले, उदगीरच्या शेजारचे, कर्नाटकाच्या सीमेनजीकचे गाव. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होता, आणि १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहे. पुण्याची परिषद भरली त्या काळी या मुलुखात आगगाडीचा पत्ता नव्हता. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लहान गाडी लातुरास पोहोचली ती १९११ साली. असा हा आडबाजूचा प्रदेश. तरीही या गावाचे नाव देशभरच्या पशुशास्त्राच्या ग्रंथांत आहे, ते देवणी जातीच्या गाईबैलांमुळे. अंगभर पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण तोंडावर काळा तो वानेरा, आणि पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवरा, असे तिचे तीन प्रकार शेतकरी रंगावरून ओळखतात. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या मिश्रणातून ही जात घडली असे जाणकार मानतात. तिचा विशेष हा की गाय दुधास बरी व बैल कामास खंबीर. हे दोन्ही गुण एका रक्तात आणणे सोपे नव्हे. एकाची निवड करू जाता दुसरा निसटतो. कोणता वळू ठेवावयाचा, कोणता खोंड बडवावयाचा, कोणत्या गाईची कालवड विकावयाची नाही, असे हजारो लहान निर्णय पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले, तेव्हा ही जात सिद्ध झाली. हे नावीन्य नव्हे तर काय? मात्र त्याला शोधक नाही, सनद नाही, अध्यक्षीय भाषण नाही.

लोखंडी नांगर आणि देवणीचा बैल यांच्याकडे एकत्र पाहिले म्हणजे दोन प्रकारची बुद्धी दिसते. एक कारखान्यातली, जलद, नावानिशी ओळखली जाणारी. दुसरी गोठ्यातली, संथ, निनावी. पहिलीस व्यासपीठ मिळते, दुसरीस मिळत नाही. ज्या काळात दोघींनी एकमेकींस ओळखले त्या काळात शेताचे कल्याण झाले. आता ट्रॅक्टर आला, बैलाचे काम सरले. दुधासाठी संकरित गाई आल्या, आणि दोन्ही गुण सांभाळणाऱ्या देवणीचे स्थान डळमळीत झाले. ट्रॅक्टर परत पाठवावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. भर उन्हात नांगरामागे चालणाऱ्या माणसाचे कष्ट त्याने खरोखर कमी केले. परंतु लोखंडी नांगर जुना झाला तर त्याच्या नकाशावरून उद्या पुन्हा तसाच घडविता येईल. पिढ्यांनी घडविलेले रक्त एकदा विरले की कोणत्याही कारखान्यात ते ओतता येणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाने व पशुपालकांनी या जातीच्या जतनाचे जे काम चालविले आहे, त्याची किंमत म्हणूनच दुधाच्या लिटरांत मोजून चालणार नाही.

रानड्यांच्या परिषदेने आपणांस दोन चांगल्या सवयी शिकविल्या होत्या: अपयश उघड मांडणे आणि आकड्यांपुढे आपले मत नमविणे. आजच्या नावीन्याच्या उपासकांनी त्यांत तिसरीची भर घालावी. नवी वस्तू लोकांपुढे ठेवताना तीन गोष्टी आधीच सांगाव्यात: ती कोणाच्या खांद्यावर उभी आहे, फसली तर कोणाचे वर्ष जाणार आहे, आणि साधली तर कोणते जुने धन मोडीत निघणार आहे. एवढे सांगण्याचे धैर्य ज्या वक्त्यास आहे, त्याचे भाषण ऐकण्यास देवणीच्या बाजारातला शेतकरीही खुशाल थांबेल.