यंत्राला काय दिसावे? व्हिडिओ गेममधील एका जुन्या वादाचा इतिहास

बुद्धिबळात हा वाद कधी उद्भवला नाही, कारण पटावरील मोहरी दोन्ही पक्षांना सारखीच दिसतात. व्हिडिओ गेमची स्थिती, म्हणजे एखाद्या क्षणी पात्रांच्या जागा, उरलेले जीव, गुण आणि शत्रूच्या हालचाली यांची एकत्रित नोंद, मात्र यंत्राच्या मेमरीत असते आणि पडद्यावर तिचा काही भागच उमटतो. त्यामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटला, म्हणजे परिस्थिती पाहून स्वतः चाल ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला, मेमरी वाचू द्यावी की केवळ पडदा दाखवावा, या वरकरणी तांत्रिक निर्णयावर त्याच्या यशापयशाचा अर्थ अवलंबून राहिला आहे.

1977 साली बाजारात आलेल्या अटारी 2600 या यंत्राची मेमरी अवघी 128 बाइटची होती. अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये मांडलेल्या 'आर्केड लर्निंग एन्व्हायर्न्मेंट' या चाचणी-व्यवस्थेत स्टेला नावाचा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरून एजंटला 160 गुणिले 210 पिक्सेलचा पडदा आणि ते 128 बाइट, असे दोन्ही मार्ग खुले केले. मेमरीचा मार्ग सोपा वाटतो खरा, पण कोणता बाइट चेंडूची जागा सांगतो आणि कोणता उरलेले जीव, हे त्यावर लिहिलेले नसते. याच वर्षी टॉम मर्फी या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने निन्टेंडोच्या जुन्या यंत्राची 2,048 बाइटची मेमरी वाचणारा प्रोग्रॅम सादर केला, जो माणूस खेळत असताना कोणते आकडे वाढत जातात हे हेरून तेच वाढवण्याच्या मागे लागे. टेट्रिसमध्ये हार अटळ दिसू लागताच त्याने खेळ 'पॉज' करून ठेवला, आणि त्याला दिलेल्या निकषाने पाहता त्यात त्याचे काही चुकलेही नव्हते.

डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने पडद्याचा मार्ग निवडला. चित्र 84 गुणिले 84 पिक्सेलपर्यंत लहान करून एका वेळी शेवटची चार चित्रे एजंटला दिली जात, कारण एकाच स्थिर चित्रावरून चेंडू कोणत्या दिशेने जात आहे हे कळत नाही. 2015 मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकच पद्धत 49 खेळांवर वापरली गेली. 'ब्रेकआउट'मध्ये ती माणसाच्या पुष्कळ पुढे गेली, तर 'माँटेझुमाज रिव्हेंज'मध्ये, किल्ली आणि शिड्या डोळ्यांसमोर असूनही, तिला एकही गुण मिळवता आला नाही.

वाद खऱ्या अर्थाने पेटला तो स्टारक्राफ्टमुळे. या युद्धखेळात जेथे आपले सैनिक नाहीत तो प्रदेश 'फॉग ऑफ वॉर' या आवरणाखाली झाकलेला असतो, आणि अशा खेळांतील अंगभूत संगणकी प्रतिस्पर्धी या आवरणापलीकडचे पाहून लबाडी करतात, ही खेळाडूंची जुनी तक्रार होती. चालू खेळाची मेमरी वाचून प्रोग्रॅमला खेळू देणाऱ्या बीडब्ल्यूएपीआय या साधनाने म्हणूनच झाकलेली माहिती मुळात एजंटपासून लपवली, आणि 2010 पासून त्याच्या आधारे संशोधकांच्या स्पर्धा भरू लागल्या. डिसेंबर 2018 मध्ये डीपमाइंडच्या अल्फास्टारने टीएलओ आणि माना या व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी 5-0 असे हरवले, तेव्हा त्यानेही आवरणाचा नियम पाळला होता. परंतु नकाशाच्या सर्व उघड्या भागांची माहिती त्याला एकदमच मिळत होती, तर माणसाला त्यासाठी कॅमेरा इकडून तिकडे फिरवावा लागे. जानेवारी 2019 मधील थेट प्रक्षेपित सामन्यात कॅमेरा स्वतः फिरवणारी आवृत्ती उतरवली गेली आणि मानाने ती हरवली. या आवृत्तीला केवळ सात दिवसांचे प्रशिक्षण मिळाले होते, हे लक्षात घेता पराभवाचे सारे खापर कॅमेऱ्यावर फोडता येत नाही. तरीही आधीच्या विजयांकडे पाहण्याची दृष्टी त्या एका सामन्याने बदलली, आणि त्याच वर्षी मांडलेल्या पुढच्या आवृत्तीत कॅमेऱ्याचे बंधन कायम ठेवण्यात आले.

ओपनएआय कंपनीच्या, डोटा 2 हा खेळ खेळणाऱ्या एजंटांच्या चमूने पडदा पाहिलाच नाही. एप्रिल 2019 मध्ये विश्वविजेत्या ओजी संघाला हरवताना त्याला खेळाची स्थिती थेट हजारो आकड्यांच्या रूपात मिळत होती. 2025 मध्ये भाषिक मॉडेले पोकेमॉन खेळू लागली, तेव्हा क्लॉड आणि जेमिनाय या दोघांनाही पडद्याच्या चित्रासोबत मेमरीतून काढलेली माहिती पुरवली गेली, पण ती निवडणारी आणि मांडणारी मधली व्यवस्था दोघांची वेगवेगळी होती. त्यामुळे कोण किती पुढे पोहोचले, एवढ्यावरून दोन मॉडेलांची तुलना करणे कठीण झाले.