सौर वादळ म्हणजे काय? मोबाईल, जीपीएस आणि पिकावर परिणाम होतो का?

'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, कॉस्मिक किरण येणार आहेत,' असा मेसेज तुमच्या ग्रुपवर कधीतरी आलाच असेल. कित्येक वर्षं तोच मेसेज फिरतोय आणि तो खोटा आहे. पण सूर्यावरची वादळं खरी असतात. त्यांचा परिणाम कुठे होतो, ते समजून घेऊ.

आपल्या डोक्यावर काय आहे?

ढग, पाऊस, वीज हे सगळं जमिनीपासून १५ ते १८ किलोमीटरच्या आत घडतं. त्याच्या खूप वर, सुमारे ८० किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटर, हवा अगदी विरळ असते. सूर्याच्या किरणांमुळे तिथल्या कणांमध्ये विद्युतभार तयार होतो. या थराला आयनांबर म्हणतात. पूर्वी गावात रेडिओवर सिलोन लागायचं ते याच थरामुळे. रेडिओच्या लहरी त्याला आपटून पुन्हा खाली यायच्या.

वादळात काय होतं?

सूर्यावर स्फोट झाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. विद्युतभारित कणांचा लोट मात्र साधारण एक ते तीन दिवसांनी येतो. तो धडकला की आयनांबर ढवळून निघतं आणि वरची हवा तापून फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये या फुगलेल्या हवेत अडकून स्टारलिंकच्या नव्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक खाली येऊन जळाले. साधारण दर ११ वर्षांनी अशी वादळं वाढतात.

शेतकऱ्याचा संबंध कुठे येतो?

जीपीएसमुळे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा सिग्नल आयनांबरातूनच खाली येतो. तो थर ढवळला की सिग्नल रेंगाळतो आणि जागा चुकीची दिसते. १० मे २०२४ ला २००३ नंतरचं सर्वांत मोठं वादळ आलं. तेव्हा अमेरिकेत मक्याची पेरणी सुरू होती. जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ओळ धरेनात, म्हणून अनेकांना पेरणी थांबवावी लागली. त्याच रात्री लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल दिसलं.

आपल्याकडे ई-पीक पाहणी, मोजणीचे रोव्हर आणि फवारणीचे ड्रोन जीपीएसवरच चालतात. मोठ्या वादळाची बातमी असेल तर मोजणी आणि ड्रोनचं काम वादळ ओसरेपर्यंत थांबवलेलं बरं. पण रोज लोकेशन चुकत असेल तर दोष सूर्याला देऊ नका. आधी फोनची सेटिंग तपासा आणि झाडाखालून मोकळ्यावर या.

अंगाला किंवा पिकाला धोका आहे का?

नाही. हवा आणि पृथ्वीचं चुंबकत्व ही आपली ढाल आहे. कॉस्मिक किरण तर दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून रात्रंदिवस येतच असतात. बहुतेक वरच अडतात. त्यातून तयार झालेले थोडे कण आत्ताही आपल्या अंगातून आरपार जातायत. मोबाईल बंद केला काय, चालू ठेवला काय, त्यात फरक पडत नाही.

लक्ष कोण ठेवतं?

इस्रोचं आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ ला निघालं. ते १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवतं. आपल्या अलिबागच्या वेधशाळेत तर १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होतेय.

म्हणून असा मेसेज आला तर तो पुढे पाठवू नका. वादळ खरंच आलं असेल, तर त्याची माहिती अशा संस्थांकडून येते.