हूल देण्याचे गणित

पत्त्यांच्या जुगाराचा विषय शिक्षकांच्या मासिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण संभाव्यतेचे गणित जन्मले तेच जुगाऱ्यांच्या प्रश्नांतून, आणि विसाव्या शतकात त्याला जी नवी शाखा फुटली तिच्या जडणघडणीत पोकर या खेळाचा मोठा वाटा आहे. पैसे लावून खेळण्याची भलामण आम्हाला करायची नाही. आमचा प्रश्न एवढाच, की हातात हलकी पाने असताना बोली चढवणे शहाणपणाचे कधी ठरते?

हुतुतूत चढाई करणारा गडी एका बाजूला झेपावल्याचा आव आणतो आणि भलत्याच गड्याला शिवून परततो. याला आपण हूल देणे म्हणतो. पोकरमध्ये हीच गोष्ट बोलीने केली जाते. तीन पत्तीप्रमाणे येथेही पाने झाकलेली असतात. समोरच्याने बोली वाढवली की तेवढीच रक्कम टाकायची, आणखी वाढवायची, नाही तर डाव टाकून द्यायचा. सर्वांनी डाव टाकला, तर उरलेला गडी पाने न दाखवताच जिंकतो. त्यामुळे हलक्या पानांवरही डाव मारता येतो. हे धाडसाचे आणि चेहरा कोरा ठेवण्याचे काम आहे, अशीच समजूत पिढ्यान्‌पिढ्या होती.

फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ मध्ये अशा खेळांकडे गणिताच्या नजरेने पाहिले. प्रतिस्पर्ध्याला आपला बेत ओळखता येऊ नये म्हणून डावपेचांची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी, पण ठरावीक प्रमाणात करावी, ही कल्पना त्यांनी मांडली. मात्र मोठ्या खेळांत असे बिनतोड प्रमाण नेहमी सापडेलच, असे त्यांना वाटत नव्हते. ते सापडतेच, हे सिद्ध केले जॉन फॉन नॉयमन यांनी. डिसेंबर १९२६ मध्ये ग्योटिंगेनच्या गणित मंडळापुढे त्यांनी हे काम मांडले तेव्हा त्यांना तेविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. निबंध १९२८ मध्ये छापून आला. पुढे १९५३ मध्ये श्रेय कोणाचे यावर वादही झाला. बोरेल यांच्या बाजूने फ्रेशे उभे राहिले. फॉन नॉयमन यांचे म्हणणे असे, की त्या प्रमेयावाचून छापण्याजोगे काही नव्हतेच. आम्हाला हे उत्तर जरा कठोर वाटते. प्रश्न नेमका विचारणे हेही थोडे काम नव्हे.

फॉन नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे. त्यातला निष्कर्ष चमत्कारिक आहे: बोली उत्तम पानांवर वाढवावी आणि अगदी वाईट पानांवरही अधूनमधून वाढवावी, पण मधल्या पानांवर वाढवू नये.

हे असे का, ते हॅरल्ड कून यांनी १९५० मध्ये मांडलेल्या इवल्याशा पोकरवरून स्पष्ट होते. वर्गात चिंचोके घेऊन तो खेळता येईल. पाने तीनच: गुलाम, राणी, राजा. दोघांनी एकेक चिंचोका मध्ये ठेवायचा आणि एकेक पान घ्यायचे. पहिल्याने आणखी एक चिंचोका टाकून बोली वाढवायची किंवा गप्प राहायचे. बोली वाढली, तर दुसऱ्याने एक टाकून पान पाहायचे किंवा डाव सोडायचा. पहिला गप्प राहिला, तर हीच संधी दुसऱ्याला मिळते.

आता पहिल्याजवळ राणी असून त्याने बोली वाढवली, तर काय होईल? गुलामवाला डाव सोडील, पण तो हरणारच होता. राजावाला खुशीने पान पाहील. म्हणजे मिळकत काही नाही, तोटा मात्र आहे. गुलामाची गोष्ट निराळी. त्याला जिंकण्याचा दुसरा मार्गच नाही, आणि हूल दिल्यास राणीवाला पळण्याची शक्यता आहे. पण दर वेळी हूल दिली, तर राणीवाला शहाणा होईल. त्याला एक चिंचोका टाकून तीन मिळवायचे असतात. म्हणून राजाच्या तीन खऱ्या बोलींमागे गुलामाची एक हूल असली, की पान पाहणे आणि सोडणे त्याला सारखेच पडते. पहिल्याने राजावर नेहमी बोली वाढवावी, राणीवर कधीच नाही, आणि गुलाम आल्यास गुपचूप फासा टाकून १ किंवा २ पडले तरच वाढवावी. मुलांना हा फासा फार आवडतो. खोटे कधी बोलायचे हे फाशाने ठरवायचे, याची त्यांना मोठी गंमत वाटते.

खऱ्या पोकरच्या स्पर्धांत जवळच्या सगळ्या चिपा एकदम लावता येतात. लास वेगासची प्रसिद्ध जागतिक स्पर्धा १९७० मध्ये सुरू झाली, आणि चिपा संपल्या की गडी बाद, हा नियम तिच्यात १९७१ पासून आला. समजा, मध्ये २ चिपा आहेत, एकाने ३ टाकून बोली केली आणि आपण हलक्या पानांवर सगळ्या १२ लावल्या. तो पळाला, तर ५ मिळतात. त्याने आणखी ९ टाकल्या, तर मध्ये २६ होतात. काही पाने अजून उघडायची असल्याने हलका हातही कधी कधी जिंकतो. शंभरात ३० वेळा धरू. म्हणजे सरासरी ७.८ परत येतात आणि ४.२ चा तोटा होतो. तो शंभरात ४६ वेळा पळाला, तर आपले नुकसान नाही. हात कधीच न जिंकणारा असता, तर मात्र त्याला ७१ वेळा पळावे लागेल. म्हणून जाणते खेळाडू हूल देतानाही थोडी आशा असलेली पाने निवडतात. कूनच्या खेळात नंतर काही उघडायचे नसते, त्यामुळे हा भेद तेथे दिसत नाही.

स्पर्धेत आणखी एक गोम असते. समजा, तिघे उरले आहेत, प्रत्येकाजवळ १० चिपा आहेत आणि बक्षिसे ५०, ३० व २० रुपये आहेत. तिघेही सारख्याच तोडीचे, म्हणून प्रत्येकाचा वाटा सरासरी ३३.३ रुपये. चिपांच्या प्रमाणात पहिले येण्याची शक्यता धरली, तर एकाला बाद करून २० चिपा केलेल्याचा वाटा ४३.३ होतो. बाद झालेल्याला २० च मिळतात. म्हणजे जिंकल्यास १० रुपये, हरल्यास १३.३! तेव्हा सगळ्या चिपांचे आव्हान स्वीकारणाऱ्याला जिंकण्याची निम्मी आशा पुरत नाही, सुमारे ५७ टक्के लागते. तो अधिक वेळा पळतो, आणि हलक्या पानांची हूल नेमकी येथे फळते. अर्थात त्याने पान पाहिलेच, तर तेच १३.३ हूल देणाऱ्याच्या अंगावर येतात. चिपा मोजक्याच उरलेला गडी मात्र सहसा पळत नाही. त्याला गमावण्यासारखे थोडेच असते.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे लिब्रेटस नावाच्या संगणक-कार्यक्रमाने दोघांच्या पोकरमध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले. त्याच्या रचनाकारांनी त्याला हूल द्यायला शिकवले नव्हते. स्वतःशीच असंख्य डाव खेळून ती त्याने शोधून काढली होती.