साचा कोणाचा?

लालबागेत आषाढ लागला की गणेशमूर्तींचे कारखाने गजबजू लागतात. मूर्ती ठरवावयास आलेला जाणता गिऱ्हाईक हटकून विचारतो, "साचा कोणाचा?" मूर्तीच्या बाबतीत हा प्रश्न रास्तच आहे. परंतु आपल्याकडील सुशिक्षित मंडळी हाच प्रश्न चित्रांसही लावतात, आणि वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुरते उत्तर तर तयारच असते: साचा अमेरिकेचा, न्यू यॉर्कच्या मार्क रॉथकोचा. आम्हीही वर्गात कित्येक वर्षे हेच सांगत आलो. ते चुकीचे होते, हे आज कबूल करणे भाग आहे.

प्रथम त्या अमेरिकन साच्याकडेच पाहू. न्यू यॉर्कच्या या चित्रकारांस 'अमूर्त अभिव्यक्तिवादी' हे नाव १९४६ मध्ये रॉबर्ट कोट्स या टीकाकाराने दिले. पण १९२९ मध्येच आल्फ्रेड बार यांनी ते कान्डिन्स्की या रशियन चित्रकारास लावले होते. नाव उसने, आणि माणसे तरी कुठली? रॉथको रशियन साम्राज्यातील द्विन्स्कचा. डी कूनिंग १९२६ मध्ये हॉलंडहून जहाजात लपून आलेला. गॉर्की हा आर्मेनियन निर्वासित. पोलॉक तेवढा अस्सल अमेरिकन. परंतु रंग ओतण्याचे आणि फवारण्याचे प्रयोग त्याने पाहिले ते १९३६ मध्ये, सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराच्या कार्यशाळेत. मंदीच्या काळात, १९३५ पासून, अमेरिकन सरकारने चित्रकारांस पगार देऊन कामास लावले, म्हणून यांतील कित्येकांची चूल पेटली. (आमच्या गिरणगावास या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.) पुढे हिटलरच्या भयाने १९४० मध्ये मोंद्रियान तेथे आला, पाठोपाठ माक्स अर्न्स्ट आला, आणि युरोपातील नवी कला ग्रंथांतून उठून शेजारच्या गल्लीत राहावयास आली.

त्याच वादळाने काही माणसे मुंबईच्या किनाऱ्यासही लावली, ही गोष्ट आपण विसरतो. वॉल्टर लँगहॅमर आणि एमॅन्युएल श्लेसिंजर हे व्हिएन्नाचे, रूडॉल्फ फॉन लायडन जर्मनीचे. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप स्थापन झाला, त्यातील तरुणांस चित्रे दाखविणारे, त्यांची चित्रे विकत घेणारे आणि त्यांच्यावर लिहिणारे हेच लोक. तेव्हा न्यू यॉर्क हे उगमस्थान आणि मुंबई हा फाटा, असा नकाशा काढणे आम्हांस सयुक्तिक वाटत नाही.

गायतोंडे हे गोमंतकीय कुटुंबातले. जन्म १९२४, नागपूर; बालपण गिरगावच्या चाळीत; जे. जे. स्कूलची पदविका १९४८ ची. आपल्या लघुचित्रांतील सपाट, तेजस्वी रंग आणि पाउल क्ले या स्विस चित्रकाराची रेषा या दोहोंवर त्यांचा हात घडला. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांस पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्या दशकाच्या अखेरीस आकृती त्यांच्या फलकावरून ओसरून गेली. आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेले त्यांस रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' म्हणा, असा त्यांचा आग्रह.

आता सालांचा प्रश्न. १९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार हिंदुस्थानात आला. गायतोंड्यांची चित्रे पाहून त्याने न्यू यॉर्कला पत्र धाडले आणि त्यांची तुलना थेट रॉथकोशी केली. गायतोंडे रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्कला गेले ते १९६४ मध्ये! तेथे रॉथकोची भेट झाली, त्याची भव्य चित्रे प्रत्यक्ष पाहावयास मिळाली, आणि त्यांतून त्यांनी काही घेतलेही असेल. मुंबईकर चित्रकार असे ऋण लपवीत नाहीत. १९६२ मध्ये बर्कली येथे शिकविण्यास गेलेले रझा रॉथकोविषयी, आणि १९६८ मध्ये न्यू यॉर्कला गेलेले तैयब मेहता बार्नेट न्यूमनविषयी, उघडपणे सांगत असत. परंतु ज्याच्याशी साम्य आधीच दिसले होते, त्याचा शिष्य म्हणून गायतोंड्यांची नोंद करणे हा हिशेबच चुकीचा.

१९७२ मध्ये ते दिल्लीस गेले. रूळाने आणि सुरीने रंग चढवावा, खरवडावा, थांबावे. वर्षाकाठी मोजकेच फलक पुरे व्हावेत, असा त्यांचा क्रम होता. २००१ मध्ये ते वारले. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्याच गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे मोठे प्रदर्शन मांडले.

यंदा वर्गात आम्ही फळ्यावर १९६३ आणि १९६४ ही दोन साले शेजारी शेजारी लिहिली व ग्रेव्हजच्या पत्राची हकीकत सांगितली. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गायतोंड्यांचे चित्र पाहून त्याला रॉथको आठवला, सर, पण रॉथकोचे चित्र पाहून गायतोंडे कोणाला आठवतात?" तास संपल्याची घंटा झाली, आणि आम्हांस, खरे सांगावयाचे तर, हायसे वाटले.